‘निम्मा चान्स’ खरंच निम्मा असतो का? गोव्याच्या कॅसिनोपासून मोबाईलवरच्या अंदर-बाहरपर्यंत पैशाचा हिशोब

विश्लेषण

सोयाबीन मोंढ्यावर गेलं, कापसाची पहिली वेचणी झाली, की गावात चार पैसे खेळू लागतात. त्याच दिवसांत पोरांच्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज वाढतात. पहिला गोव्याच्या ट्रिपचा, तीन दिवस, दोन रात्री, एक रात्र कॅसिनो. दुसरा एखाद्या लिंकचा, ‘हजार भरा, हजार बोनस घ्या.’

मागे एका गावात पारावर बसलो असताना पंचविशीतल्या एका पोरानं विचारलं, “काका, लाल किंवा काळा, दोनच तर रंग आहेत. म्हणजे निम्मा चान्स आपला. मग लोक हरतात कसे?”

प्रश्न बरोबर आहे. ‘जुगार वाईट’ एवढं सांगून तो सुटत नाही, कारण हे वाक्य त्यानं लहानपणापासून ऐकलेलं आहे. त्याला हवा होता हिशोब. म्हणून आज हे खेळ कसे चालतात, पैसा कुठे जातो आणि कायदा काय म्हणतो, हे आकड्यांनिशी पाहू.

रुलेट : सदतीस घरांचं चक्र

रुलेटच्या टेबलावर एक फिरतं चक्र असतं. त्यात १ ते ३६ असे आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे. आणि एक हिरवं घर, शून्याचं. एकूण घरं ३७. चक्र फिरतं, गोळी उलट्या दिशेनं सोडतात, ती ज्या घरात बसेल तो आकडा आला.

पैसे लावायच्या जागा पुष्कळ. एकाच आकड्यावर लावले आणि तो आला तर एकाला पस्तीस मिळतात. लाल-काळा, सम-विषम, १ ते १८ किंवा १९ ते ३६ यावर लावले तर एकाला एक. बारा आकड्यांच्या गटावर लावले तर एकाला दोन.

आता त्या पोराचा प्रश्न घ्या. लाल घरं १८, काळी १८, पण घरं ३७. म्हणजे लाल येण्याचा चान्स ३७ पैकी १८. टक्क्यांत ४८.६५. निम्म्याला थोडा कमी. जे थोडं कमी पडलं, तीच कॅसिनोची कमाई.

हे अजून सोप्या रीतीनं पाहू. समजा तुम्ही सगळ्याच्या सगळ्या ३७ घरांवर दहा-दहा रुपये लावले. खर्च ३७० रुपये. कुठलाही आकडा आला तरी तुम्ही जिंकणारच. त्या आकड्याचे दहाला पस्तीस पटीनं ३५० मिळाले, लावलेले १० परत आले. हातात ३६०. म्हणजे हमखास जिंकूनही दहा रुपये गेले. ३७० मागे १०, म्हणजे शंभराला पावणेतीन रुपयांच्या आसपास, नेमकं सांगायचं तर २.७०.

मेख इथेच आहे. कॅसिनोला चोरी करायची गरज नाही. चक्र अगदी चोख असलं तरी मोबदला असा ठरवलेला असतो, की शंभरातले पावणेतीन रुपये मालकाकडे राहतात. अमेरिकी पद्धतीच्या चक्रात शून्य आणि दुहेरी शून्य अशी दोन हिरवी घरं असतात. घरं ३८, पण मोबदला तोच पस्तीस. तिथे मालकाचा वाटा थेट ५.२६ टक्के होतो. एका जादा घरानं जवळपास दुप्पट.

अंदर-बाहर : आपल्या पारावरचा खेळ

हा खेळ कुणाला सांगायची गरज नाही. गावोगावी त्याला वेगवेगळी नावं आहेत, कुठे मांगपत्ताही म्हणतात. मधे एक पान उघडायचं. मग एक पान अंदर, एक बाहर, असं टाकत जायचं. मधल्या पानाच्या जोडीचं पान ज्या बाजूला आधी पडेल ती बाजू जिंकली.

दोन बाजू, म्हणून निम्मा-निम्मा चान्स वाटतो. तसं नाही. ज्या बाजूला पहिलं पान पडतं, ती बाजू दर शंभर डावांत साधारण ५१.५ वेळा जिंकते, दुसरी ४८.५ वेळा. कारण सरळ आहे, पहिल्या बाजूला कायम एक पान आधी मिळतं.

कॅसिनोला हे माहीत असतं. म्हणून पहिल्या बाजूवर जिंकलात तर शंभराला नव्वदच मिळतात, दुसऱ्या बाजूवर शंभराला शंभर. हिशोब केला तर पहिल्या बाजूवर लावणाऱ्याचे शंभराला सव्वादोन रुपयांच्या आत जातात, दुसऱ्या बाजूवर लावणाऱ्याचे तीन. बाजू कुठलीही धरा, तोटा आपलाच.

गावातल्या क्लबात डाव आपसात असतो, मग तिथे मालक कसा कमावतो? नाल काढून. म्हणजे जिंकलेल्या डावातून अड्डा चालवणारा आपला वाटा उचलतो. रात्रभर दहा जण खेळले, पैसा यांचा त्याला, त्याचा याला फिरला, पण दर फेरीला थोडा थोडा नाल निघाला. पहाटे दहाही जण म्हणतात, ‘मी हरलो, तो जिंकला.’ आणि तो म्हणतो, ‘मी कुठे जिंकलो?’ दोघं खोटं बोलत नसतात. पैसा नालेत गेलेला असतो.

ब्लॅकजॅक : एकवीसचा डाव

यात तुमची लढत फक्त पत्ते वाटणाऱ्याशी, म्हणजे डीलरशी. पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ च्या वर गेली की डाव गेला. राजा, राणी, गुलाम यांचे दहा. एक्क्याचा एक किंवा अकरा, जसं सोयीचं. सुरुवातीला दोघांना दोन-दोन पत्ते, डीलरचं एक पान उघडं. तुम्ही पान मागू शकता किंवा थांबू शकता. डीलरला मर्जी नसते. सोळापर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, सतरा झाले की थांबावं लागतं.

नियम सारखे दिसतात, मग मालकाचा फायदा कुठे? क्रमात. तुम्ही आधी खेळता. तुमची बेरीज बावीस झाली की पैसे लगेच उचलले जातात. नंतर डीलरही बावीसवर गेला तरी तुमचे पैसे परत येत नाहीत. दोघंही बुडाले, तरी बुडाले तुमचेच.

टेबलावरच्या खेळांत हा सगळ्यात कमी तोट्याचा म्हणून ओळखला जातो. कुठल्या बेरजेला मागायचं, कुठल्या बेरजेला थांबायचं याचा एक ठरलेला तक्ता असतो. तो तोंडपाठ करून, एकही चूक न करता खेळलं तर शंभराला पन्नास पैशांच्या आसपास तोटा. म्हणजे सगळं बरोबर करूनही तोटाच. आणि अंदाजानं खेळणाऱ्याचा तोटा त्याच्या कितीतरी पट.

त्यात एक बारकावा पाहून ठेवा. एक्का आणि दहाचं पान एकदम आलं की त्याला ब्लॅकजॅक म्हणतात. जुन्या नियमानं हजाराला दीड हजार मिळतात. काही टेबलांवर बाराशेच देतात. साधारण एकवीस डावांत एकदा येणाऱ्या या हातावर तीनशे रुपये कापले, की मालकाच्या वाट्यात जवळपास दीड टक्क्याची भर पडते. टेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचतं कोण?

बॅकरा : सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात वेगवान

बॅकरामध्ये दोन बाजू, प्लेअर आणि बँकर. ही नुसती नावं आहेत, तुम्ही कुठल्याही बाजूवर लावा. पत्त्यांची बेरीज करायची, पण फक्त एकम स्थानाचा आकडा धरायचा. सात आणि आठ पंधरा, म्हणजे पाच. दहा आणि चित्रांची पानं शून्य. नऊच्या जवळ जो, तो जिंकला. तिसरं पान कधी घ्यायचं याचे नियम ठरलेले, खेळणाऱ्यानं डोकं चालवायची गरजच नाही.

बँकर बाजू थोडी जास्त वेळा जिंकते, म्हणून तिच्या जिंकण्यावर पाच टक्के कमिशन कापतात. कापूनही तिचा तोटा शंभराला १.०६ रुपये, प्लेअर बाजूचा १.२४. आता तिसरी जागा पाहा, ‘टाय’, म्हणजे बरोबरी. तिथे एकाला आठ मिळतात. आकडा मोठा, म्हणून नवीन माणूस तिथेच लावतो. पण बरोबरी शंभरात साडेनऊ वेळाच होते. हिशोब केला तर शंभराला १४ रुपयांहून जास्त तोटा.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. टेबलावर ज्या जागेवर मोबदल्याचा आकडा डोळ्यात भरतो, बहुतेक वेळा तीच जागा सगळ्यात महाग पडते.

तीन पत्ती : ‘चांगला हात’ किती वेळा येतो?

बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात बनतात. त्यातले तिघं सारखे, म्हणजे ट्रेल, फक्त ५२. एकाच रंगाचा क्रम ४८. साधा क्रम ७२०. एकाच रंगाची तीन पानं १,०९६. जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात, म्हणजे जवळपास चारात तीन, काहीच नसलेले. सगळ्यात मोठं पान मोजायचे.

गावातल्या तीन पत्तीत समोरच्याचं तोंड पाहून, भीती दाखवून खेळता येतं. कॅसिनोत समोर डीलर असतो. त्याला भीती दाखवता येत नाही, त्याच्या घरचा पैसा लागलेला नसतो.

‘डबल करत जायचं’ हा फॉर्म्युला

पारावर या हिशोबानंतर दुसरा एक जण म्हणाला, “हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे. कधी ना कधी जिंकणारच. जिंकलो की सगळं वसूल आणि वर फायदा.”

हा फॉर्म्युला यूट्यूबवर भरपूर विकला जातो. करून पाहू. दहा रुपयांपासून सुरुवात. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १,२८०, २,५६०, ५,१२०. सलग दहा वेळा हरलात तर एकूण गेले १०,२३० रुपये. अकराव्या डावाला १०,२४० लावायचे, आणि जिंकलात तर एकूण फायदा किती? दहा रुपये.

सलग दहा वेळा हरणं रुलेटच्या लाल-काळ्यात साधारण ७८४ फेऱ्यांत एकदा होतं. ‘एवढं कुठे होतंय?’ असं वाटतं. पण ७८३ वेळा जिंकून दहा-दहा रुपयांनी मिळाले ७,८३०. आणि एकदा हरून गेले १०,२३०. निव्वळ तोटा २,४००. शिवाय प्रत्येक टेबलाला जास्तीत जास्त किती लावता येईल याची मर्यादा असते. ती याच फॉर्म्युल्याला वेसण घालते.

तसाच दुसरा समज, ‘पाच वेळा काळा आला, आता लाल येणारच.’ गोळीला मागचं काही आठवत नाही. पाचदा काळा आल्यावरही लालचा चान्स तेवढाच, ३७ पैकी १८. सलग चार वर्षं पाऊस चुकला म्हणून पाचव्या वर्षी तो हमखास पडेल असं आपण धरून चालत नाही. मग टेबलावर का धरतो?

खरा फरक वेगाचा आहे

इथवर वाचून कुणी म्हणेल, शंभराला पावणेतीन रुपये म्हणजे फार नाही. मटक्यापेक्षा तर बरंच. ते खरं आहे. मटक्यात दहा आकडे, आणि एका आकड्याला सर्वसाधारणपणे एकाला नऊ. दहाही आकड्यांवर दहा-दहा लावले तर शंभराचे नव्वद येतात. शंभराला दहा तोटा. रुलेटच्या जवळपास चौपट.

मग मोबाईलवरचा खेळ घर का बुडवतो? कारण मटका दिवसाला ओपन आणि क्लोज, दोनदा. दोन्ही वेळा शंभर लावले तर दोनशेवर सरासरी तोटा वीस रुपये.

कॅसिनोत माणसांनी चालवलेल्या रुलेटवर तासाला चाळीसेक फेऱ्या होतात असं धरू. शंभराच्या डावानं चार हजार रुपये फिरले, सरासरी तोटा तासाला १०८.

मोबाईलवर दहा सेकंदाला एक फेरी धरली तर तासाला ३६०. शंभराच्या डावानं छत्तीस हजार रुपये फिरले. पावणेतीन टक्क्यांनी सरासरी तोटा तासाला ९७२ रुपये.

२०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. मोंढ्यावर तो मिळवताना काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. पण तो मिळाला असं धरलं, तरी साडेपाच तासांच्या मोबाईल खेळात एक क्विंटल सोयाबीन जातं. पेरणीपासून मळणीपर्यंत राबून काढलेलं.

ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एखादा पहिल्याच रात्री वीस हजार जिंकतो. तो जिंकतो म्हणूनच त्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरतो. हरलेल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही. आणि जिंकलेलाही ते वीस हजार घेऊन उठत नाही, तो परत लावतो. लावलेला प्रत्येक रुपया पुन्हा त्याच चाळणीतून जातो.

बोनसही तसाच. समजा हजाराचा बोनस दिला आणि अट घातली, की तीस पट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे तीस हजारांचे डाव लावावे लागणार. पावणेतीन टक्क्यांनी ८१० रुपये त्यातच गेले. हजाराची भेट उरली एकशे नव्वदची, तीही नियम सरळ असतील तर.

मोबाईलवर चक्र दिसतं, पण असतं का?

आतापर्यंतचा सगळा हिशोब प्रामाणिक चक्राचा आणि प्रामाणिक पत्त्यांचा होता. परवानाधारक कॅसिनोत चक्र डोळ्यांसमोर असतं. लिंकवरून घेतलेल्या ॲपमध्ये आपल्याला फक्त चित्र दिसतं. ते ॲप कुणी बनवलं, पैसा कुठल्या देशात जातो, आकडा कसा निघतो, विचारायला दार नाही.

काही खुणा मात्र ओळखता येतात. ॲप प्ले स्टोअरवर नाही, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेल्या फाईलमधून घ्यावं लागतं. पैसे भरताना दर वेळी वेगळ्याच माणसाचा यूपीआय आयडी येतो. पहिले पाचशे-हजार झटपट परत मिळतात, पण मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’, ‘आधी खातं व्हेरिफाय करा’ असं सांगून आणखी पैसे मागतात. कायदेशीर कर कधीच असा अनोळखी माणसाच्या खात्यात भरावा लागत नाही. ही मागणी आली की समजा, आधीचेही गेले.

याहून गंभीर प्रकार खातं भाड्यानं देण्याचा. ‘तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे.’ कॉलेजातली पोरं आणि कर्जात अडकलेली माणसं याला बळी पडतात. त्या खात्यातून जुगाराचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात तक्रार झाली की खातं गोठवलं जातं, आणि पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या नावानं. त्याच खात्यात पीक विम्याचे, अनुदानाचे पैसे येत असतील तर तेही अडकतात.

कायदा काय म्हणतो?

गावातला क्लब : महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. अड्डा चालवणाराच नाही, तिथे खेळताना सापडलेलाही आरोपी होतो. पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांत जे ‘कलम ४ व ५’ किंवा ‘१२ अ’ वाचता, ते याच कायद्यातलं.

महाराष्ट्रातला कॅसिनो : राज्यानं १९७६ मध्ये कॅसिनोला परवाना देणारा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे ‘महाराष्ट्रात अधिकृत कॅसिनो’ असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

गोवा : तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये बदल करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या खेळांना वाट दिली, १९९६ मध्ये जहाजावरच्या टेबल खेळांना. पणजीत मांडवी नदीत दिसणारी कॅसिनोची जहाजं त्यातूनच आली. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. आणि विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे, फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सिक्कीममध्येही स्थानिकांना मज्जाव आहे. ज्या सरकारला कॅसिनोतून महसूल मिळतो, ते आपल्या माणसांना आत जाऊ देत नाही. बाहेरच्यांचं स्वागत आहे. ते बाहेरचे म्हणजे आपण.

कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, तो चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर लागतो. कॅसिनो तो थेट गिऱ्हाईकाकडून घेवो की गल्ल्यातून भरो, शेवटी टेबलावरच्या पैशातूनच जाणार. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर. आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. सोमवारी पन्नास हजार हरलात, मंगळवारी पन्नास हजार जिंकलात, तरी कर पन्नास हजारांवर.

मोबाईलवरचे पैशाचे खेळ : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख अशी तरतूद त्यात आहे. पैशाची देवाणघेवाण करून देणाराही कचाट्यात येतो. यापूर्वी ‘रमी हा कौशल्याचा खेळ’ या मुद्द्यावर कंपन्या सुटायच्या, कारण सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये रमीबाबत तसं म्हटलं होतं. नव्या कायद्यानं ऑनलाईनपुरता तो भेदच काढून टाकला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावले की बंदी. कंपन्या याविरुद्ध न्यायालयातही गेल्या.

सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त रुपये जातात, असा अंदाज केंद्रानं तेव्हा मांडला होता.

या कायद्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला बळी धरलं आहे. म्हणून फसलेल्यानं तक्रारीला घाबरू नये.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कायदा झाल्यावर देशातल्या मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, कारण त्यांचं ऑफिस इथे होतं, त्यांना पकडता येत होतं. लिंकवरून चालणाऱ्या परदेशी ॲपचं ऑफिस इथे नाही. एक बंद केलं की दुसरं नाव घेऊन येतं. म्हणजे ज्याला सवय लागली आहे, तो आता अधिक अंधाऱ्या गल्लीत शिरण्याचा धोका आहे. बंदी घातली, पण सवय सोडवायची सोय तालुक्याच्या पातळीवर उभी केली नाही, तर काम अर्धंच राहतं. दारूमुक्तीचं केंद्र निदान ऐकून तरी माहीत असतं. जुगार सोडवायला कुठे जायचं, हे ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर आपण कधी वाचलं आहे का?

घरात काय करायचं?

पहिली गोष्ट, लवकर ओळखा. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, बँकेचे मेसेज डिलीट करणं, छोटी-छोटी उसनवारी, बायकोच्या नावानं बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज काढायचा आग्रह, बी-भरणाचे पैसे ‘दुकानदाराकडे दिले’ असं सांगणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर शांतपणे खात्याचं स्टेटमेंट काढून पाहा.

दुसरी, एकदा हरलेलं वसूल करायला पैसे देऊ नका. ‘शेवटचे वीस हजार द्या, सगळं काढतो’ हे वाक्य ज्या घरात ऐकलं गेलं, तिथे ते क्वचितच शेवटचं ठरलं. वर दाखवलेला हिशोब पुन्हा वाचा. वसुलीसाठी लावलेल्या पैशालाही तीच कात्री लागते.

तिसरी, जुगाराच्या देण्यापोटी कुणी धमकावत असेल तर हे माहीत असू द्या, की पैजेचा करार कायद्यानं रद्दबातल आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार जुगारात हरलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. त्यासाठी कोरा चेक, कोरा स्टॅम्प, शेताची इसारपावती लिहून देऊ नका. विनापरवाना सावकार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार होते.

चौथी, ऑनलाईन पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर, तितकी रक्कम थांबवण्याची आशा जास्त. मन खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गेलेले पैसे एखाद्या हंगामात भरून निघतात. माणूस भरून निघत नाही. म्हणून घरच्यांनीही हिशोब मागताना आधी माणूस जवळ करावा, मग आकडे विचारावेत.

आणि ज्यांना गोव्याला जायचंच आहे, त्यांनी एक करावं. कॅसिनोचा खर्च हा जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटासारखा धरावा, परत न येणारा. तेवढीच रोख खिशात, एटीएम कार्ड हॉटेलवर. प्रवेशाच्या पैशात मिळणाऱ्या सगळ्याच चिप्स रोख होत नाहीत, ते आधी विचारावं. टेबलावर किमान डाव कितीचा आहे ते पाहावं. दहा हजार खिशात आणि पाचशेचा डाव, म्हणजे हातात फक्त वीस डाव आहेत. फुकट म्हणून दिलेलं जेवण आणि दारू फुकट नसते, ती तुम्हाला खुर्चीत धरून ठेवायला असते.

त्या पोराला पारावर एवढंच सांगितलं, “तुझा चान्स निम्मा नाही, निम्म्याहून १.३५ टक्के कमी आहे. आणि तो फरक रात्रभर तुझ्या शेजारी बसून असतो.”

त्यानं मोबाईल काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि ३७ घरांवर दहा-दहाचा हिशोब स्वतः करून पाहिला. ३७० लावले, ३६० आले. दोनदा केला. मग म्हणाला, “काका, म्हणजे जिंकलो तरी दहा गेलेच की.”

हाच हिशोब आज घरी पोरांसमोर एकदा करून दाखवा. कागद, पेन आणि पाच मिनिटं पुरतात.